मदत हवी आहे : जुन्या काळातील कपडे रोज वापरताना ओळखीच्या माणसांना काय सांगावे?

नमस्कार.

गेली चार वर्षे मी १९४०च्या दशकातील धाटणीचे कपडे रोजच्या वापरात घालते. कधीतरी हौस म्हणून किंवा एखाद्या कार्यक्रमापुरते नव्हे, तर कामावर जाताना, भाजी आणताना, दवाखान्यात नंबर लावून बसलेली असताना, इतकेच काय, दिवसभर कोणी भेटण्याची शक्यता नसतानाही. त्यांपैकी पाचसहा कपडे खरोखरच त्या काळातले आहेत. बाकीचे मी त्या काळच्या कागदी पॅटर्नवरून स्वतः शिवलेले आहेत. गुडघ्याच्या जरा खाली थांबणारा बेताचा घेर, त्याच कापडाने मढवलेला पट्टा, डाव्या कुशीच्या शिवणीत धातूची चेन, खांद्यांना पॅड आणि बहुतेक वेळा डोक्यावर हॅट, असा माझा साधारण वेष असतो.

अनोळखी माणसे काय म्हणतात, याची मला आता सवय झाली आहे. 'नाटकात काम करता का?', 'कुठे चित्रीकरण चालू आहे का?' हे दोन प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतात आणि दोन्हींना 'नाही, मला असेच कपडे आवडतात' एवढे उत्तर पुरते. काही जण नुसते हसून मान डोलावतात, तर शाळकरी मुले एकमेकांना कोपराने ढोसून मोठ्याने काहीतरी बोलतात आणि पुढे जातात. न विचारता छायाचित्र काढणारेही भेटतात आणि त्याचा मला अतिशय राग येतो, कारण मोबाइल खिडकीबाहेर धरल्याचा बहाणा करून तो माझ्यावर रोखलेला असतो, हे स्पष्ट दिसत असते. पण याच अनोळखी लोकांमध्ये एक वृद्ध बाई होत्या. मी रांगेत उभी असताना त्या माझ्या कोटाच्या कॉलरकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, 'माझ्या आईच्या कोटाची कॉलर अशीच होती, आतून अशीच टीप मारलेली.' पुढची दहा मिनिटे त्या त्यांच्या आईबद्दल बोलत होत्या. मी त्यांना पुन्हा कधी भेटले नाही, पण तो कोट घालताना त्यांची आठवण येते.

माझी खरी अडचण ओळखीच्या माणसांची आहे. कार्यालयातील एक सहकारी चार वर्षांनंतरही रोज सकाळी 'आज काय विशेष?' असे विचारतात. आमच्या परिचयातील एक बाई मला पाहिले की त्या काळात स्त्रियांना किती कमी हक्क होते याची आठवण करून देतात, जणू मी तो झगा घातला म्हणजे त्या काळातील सगळे विचारही मला मान्य आहेत. कपड्यांची धाटणी जुनी असली तरी मते आजचीच असू शकतात, हे मी त्यांना अनेकदा शांतपणे सांगितले आहे. परंतु पुढच्या भेटीत संभाषण पुन्हा तिथूनच सुरू होते.

आणि आता सर्वांत अवघड गोष्ट. माझी बालमैत्रीण पुढच्या महिन्यात लग्न करीत आहे. तिने मला अगदी प्रेमाने, पण स्पष्टपणे विचारले, 'त्या दिवशी तू साधे कपडे घालून येशील का? लोक तुझ्याकडेच बघत बसतील.' मी त्या क्षणी 'बघते' एवढेच म्हणाले. घरी आल्यावर मात्र मला रडू आले, कारण मी साधेच कपडे घालते असे मी आजवर समजत होते, आणि जिने माझ्याबरोबर बसून माझ्या पहिल्या झग्याचे काजे शिवले, तिच्या दृष्टीने तो वेष आहे, हे मला प्रथमच कळले.

तुमच्यापैकी जे असे कपडे वापरतात, त्यांनी कृपया सांगावे की ओळखीच्या माणसांना तुम्ही नेमके काय सांगता आणि कुठे थांबता. मैत्रिणीला काय उत्तर द्यावे, यावरही स्पष्ट मत हवे आहे.

प्रतिसाद १

मी गेली अकरा वर्षे उंच कमरेची पँट, गॅलिस, वेस्टकोट आणि फेल्ट हॅट वापरतो. माझा अनुभव तुमच्यापेक्षा थोडा वेगळा आहे, आणि त्याचे एक कारण मी पुरुष आहे हे असावे. मला लोक 'रुबाबदार' म्हणतात. माझी पत्नी त्याच काळातील कपडे घालते तेव्हा तिला 'हे कोणासाठी?' असा प्रश्न ऐकावा लागतो. हा फरक अन्यायाचा आहे आणि तो आधीच मान्य करून मी पुढचे लिहितो.

कोणत्या दशकाचा पोशाख आहे, यावर प्रतिक्रिया फार अवलंबून असते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात काम केलेले वेशभूषेचे इतिहासकार जेम्स लेव्हर यांनी १९३७ साली या विषयावर एक पट मांडला होता. त्यांच्या मते एखादी फॅशन दहा वर्षांनी ओंगळ वाटते, वीस वर्षांनी हास्यास्पद, तीस वर्षांनी गमतीची, पन्नास वर्षांनी जुन्या वळणाची पण लक्षवेधी, सत्तर वर्षांनी मोहक, शंभर वर्षांनी स्वप्नवत आणि दीडशे वर्षांनी सुंदर. हे आकडे शब्दशः घेण्याचे कारण नाही, पण दिशा मला अगदी बरोबर वाटते. मी एकदा १९८०च्या दशकातील रुंद खांद्यांचा कोट दोन आठवडे वापरला, तेव्हा ज्या लोकांनी माझ्या जुन्या हॅटचे कौतुक केले होते, तेच तोंडावर हसले. तो काळ त्यांनी स्वतः जगलेला होता आणि तसले कोट घातलेली त्यांची स्वतःची छायाचित्रे घरात होती. माझ्या हॅटच्या काळाशी मात्र त्यांचा असा वैयक्तिक हिशेब काहीच नव्हता.

रोज 'काय विशेष' विचारणाऱ्या सहकाऱ्यांना मी एकदा बाजूला घेऊन सांगितले होते की हे माझे नेहमीचे कपडे आहेत आणि रोज त्यांचा खुलासा द्यावा लागला की मला थकवा येतो. त्यानंतर प्रश्न थांबला. सर्वांसमोर दिलेल्या उत्तराने तो कधीच थांबला नव्हता.

प्रतिसाद २

लोक आपल्याकडे जेवढे पाहतात असे आपल्याला वाटते, तेवढे ते पाहत नाहीत, हे प्रयोगाने दिसून आले आहे. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. खोलीतील साधारण निम्म्या लोकांच्या ते लक्षात येईल असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जवळपास एक चतुर्थांश लोकांच्याच लक्षात आले. तेव्हा लग्नातही पाहुणे तुमच्याकडे क्षणभर पाहतील आणि वधूवरांकडे वळतील. मैत्रिणीला हे सांगून पाहा.

धागाकर्ती

तुमचा हेतू मला पोहोचला, परंतु येथे माझे मत वेगळे आहे. टी-शर्टवरील चित्र न दिसणे शक्य आहे. पिसाची हॅट घातलेली बाई सगळ्यांना दिसते. माझ्याकडे लोक पाहतात हा माझा भ्रम नाही, आणि मैत्रिणीलाही तो भ्रम आहे असे मी सांगू शकत नाही. मात्र लक्षात येणे आणि त्यावरून मत बनवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्या प्रतिसादामुळे मला सुचले. बहुतेक पाहणाऱ्यांचे काही मत नसतेच, ते असते असे मीच गृहीत धरते.

प्रतिसाद ३

मी असे कपडे घालत नाही. माझी धाकटी बहीण घालते. म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते, आणि ते थोडे कडू लागले तर क्षमा करावी.

तिच्याबरोबर बाहेर पडले की माझाही दिवस तिच्या कपड्यांचा होऊन जातो. आम्ही दोघी काहीतरी महत्त्वाचे बोलत असतो, मध्येच कोणी येऊन तिच्या झग्याचे कौतुक करते, ती आनंदाने सांगू लागते की युद्धकाळात कापडावर नियंत्रण असल्यामुळे घेर कसा कमी झाला, ब्रिटनमध्ये १९४१च्या जूनपासून कपडे कूपनवर मिळत आणि ते १९४९पर्यंत चालू होते, पुढे १९४७ साली ख्रिस्तियन दिओर यांनी भरघोस घेराचे झगे आणले तेव्हा इतके कापड वापरले म्हणून लोक कसे संतापले. हे सगळे खरे आहे आणि ती ते सुंदर सांगते. पण मी आईच्या तब्येतीबद्दल बोलत होते आणि ते वाक्य अर्धेच राहिले. असे तीनचार वेळा झाल्यावर मीही तिला म्हणाले होते, 'आज साधे कपडे घाल ना.' मला तिच्या कपड्यांची लाज वाटत नव्हती. मला दुपारभर ती हवी होती.

तुमच्या मैत्रिणीच्या मनात हेच असेल असे मी म्हणत नाही. पण तिच्या तोंडचे 'लोक तुझ्याकडेच बघत बसतील' हे वाक्य तुम्ही कपड्यांवरची टीका म्हणून ऐकले आहे, आणि मला ते वेगळे ऐकू आले. उत्तर देण्याआधी तिला एकदा नीट विचारा की तिला कसली काळजी वाटते. माझ्या बहिणीने मला तसे विचारले तेव्हाच आमचे जमले. आता आम्ही दोघी महत्त्वाचे बोलायला बाहेर जाताना ती झगा तोच घालते, पण हॅट घरी ठेवते, आणि कोणी थांबवलेच तर 'धन्यवाद' म्हणून पुढे निघते.

प्रतिसाद ४

एका गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहितो. परिचित माणसे न विचारता कापडाला हात लावतात, बाही ओढून पाहतात, पट्टा चिमटीत धरतात. अनोळखी माणसे हे क्वचितच करतात. ओळख असली की तो हक्क वाटतो. जुन्या कापडाच्या दृष्टीने हे फार घातक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला रेशमाला वजन यावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मुरवत, आणि तसले रेशीम आज घडीवर आपोआप चिरत जाते. रफू करायलाही जागा उरत नाही. जुना रेयॉन ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते, म्हणून घामाने भिजलेल्या काखेजवळ कोणी बाही ओढली तर शिवण शाबूत राहते आणि शेजारचे कापड फाटते. माझ्या वडिलांच्या मित्राने अशाच प्रेमळ झटक्यात माझ्या एका कोटाचे अस्तर उसवले होते. तेव्हापासून कोणाचा हात पुढे आला की मी स्वतः एक पाऊल मागे सरकतो आणि 'फार जुने आहे, हात लावू नका' असे सांगतो. कोणालाही वाईट वाटत नाही, कारण नकाराचे कारण कापड असते.

छायाचित्रांबाबतही माझा मार्ग सरळ आहे. मी त्या माणसाकडे जाऊन 'विचारले असते तर मी नीट उभा राहिलो असतो' असे म्हणतो. बहुतेक जण ओशाळतात, काही जण छायाचित्र काढून टाकतात. एकटे असाल आणि माणूस बरा वाटत नसेल तर मात्र हे करू नका. तिथून निघून जाणेच योग्य.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तिसरा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. तो वाचून मला आठवले की गेल्या वर्षी मैत्रिणीने तिच्या भावी पतीची माझ्याशी पहिली भेट घडवून आणली, तेव्हा सुरुवातीचा पाऊण तास आम्ही माझ्या कोटाबद्दल बोलत होतो. त्यांनी विचारले आणि मी सांगत गेले. ती शेजारी गप्प बसली होती, आणि ते त्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते.

काल रात्री मी तिला फोन केला आणि कपड्यांचा विषय न काढता त्या भेटीबद्दल क्षमा मागितली. ती काही वेळ बोलली नाही, मग म्हणाली की तिच्या मोठ्या आत्या लग्नाला येणार आहेत, त्या प्रत्येक गोष्टीवर मोठ्याने मत देतात, आणि माझा अपमान झालेला तिला त्या दिवशी पाहवणार नाही. म्हणजे तिसऱ्या प्रतिसादातील शंका अर्धी खरी होती आणि माझी समजूत पूर्ण चुकीची होती. आत्यांची मला भीती नाही, हे मी तिला सांगितले. हॅटशिवाय, गडद निळ्या क्रेपचा, अगदी साध्या गळ्याचा झगा घालावा असे आमचे ठरले आहे. त्याच झग्याचे काजे तिने शिवले होते.

आता एक व्यावहारिक प्रश्न उरतो. त्या झग्याची डाव्या कुशीतील धातूची चेन मध्येच अडकते आणि तिचे दोन दात वाकलेले आहेत. झगा मी शिवलेला असला तरी चेन जुनीच, त्या काळातली आहे, त्यामुळे ती बदलण्याची इच्छा नाही. दातांवर मेण किंवा पेन्सिलीचे शिसे घासून ती सैल होते हे माहीत आहे, पण वाकलेले दात कापडाला इजा न होता सरळ करण्याचा अनुभव कोणाला आहे का? लग्नाला तेवीस दिवस आहेत.