ध्यास एकाचा, पाटल्या दुसरीच्या

साताराकर: "ज्याला कशाचाच ध्यास नाही, तो जगत नाही, नुसते दिवस ढकलतो." कालच्या पोस्टमधलं हे वाक्य. दाखले कर्मवीर भाऊराव पाटलांचे आणि सिनेमावाल्या दादासाहेब फाळक्यांचे. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. कर्मवीरांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. ते काम डोंगराएवढं आहे. पण त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचं सोनं गेलं, मंगळसूत्रसुद्धा. 1930 मध्ये त्या वारल्या. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचा पुढचा पसारा त्यांच्या नजरेला पडलाच नाही. माझे वडील हौशी नाटकवाले. स्पर्धा आली की नेपथ्य, कपडेपट, टेम्पो, सगळं घरच्या पैशांतून. आईच्या पाटल्या गहाण पडल्या त्या सुटल्याच नाहीत. तिनं ब्लाऊज शिवून आमच्या फिया भरल्या. ती दिवस ढकलत होती का?

गोदाकाठ: तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई या रांगेत बसत नाहीत. दागिने त्यांनीही दिले. पण कच्च्या फिल्मला भोकं पाडायला त्या शिकल्या, रसायनं हाताळली, वर अख्ख्या चमूचा स्वयंपाक केला. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' त्यांचाही आहे. त्यांना बिचारी ठरवून तुम्हीच त्यांचं काम पुसताय.

साताराकर: मी नाही पुसलं. शाळेत फाळके शिकलो, सरस्वतीबाई कुणी शिकवल्या? ध्यास दोघांचा म्हणता, मग नाव एकाचंच कसं?

पेन्शनर: मूळ मुद्दा राहिला बाजूला. मी बँकेत कॅशियर होतो. रिटायर झाल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "आता काय छंद?" संध्याकाळी नातवंडांचा अभ्यास घेतो म्हटलं की तोंड वाकडं करतात. प्रत्येकानं सतार शिकायची की हिमालयात जायचं?

गोदाकाठ: काका, नातवंडांना शिकवणं हाही ध्यासच.

पेन्शनर: नाही हो! ते मला आवडतं, एवढंच. त्याला मोठं नाव देऊ नका.

दप्तरखाना: ध्यास परवडत नसेल तर संसार मांडू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांची पत्नी लवकर गेली, त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. गावोगाव फिरून जुनी दप्तरं धुंडाळली, 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. झळ सोसली ती स्वतः.

गोदाकाठ: म्हणजे बायको गेली हे कामाच्या पथ्यावर पडलं? लिहिताना काही वाटलं नाही?

दप्तरखाना: तसं म्हटलेलं नाही. नीट वाचा. त्यांनी आपल्या वेडापायी दुसऱ्या कुणाला उपाशी ठेवलं नाही, एवढंच म्हणतोय.

शिवणयंत्र: मी दोन पोरं सांभाळून रात्री एकांकिका लिहिते. माझ्यासाठी कुणी अंगठीसुद्धा मोडलेली नाही. उलट "घरात लक्ष नाही" हे ऐकते. पुरुषाचा असला की ध्यास, बाईचा असला की थेरं. इथं सगळे दागिन्यांवर भांडताय, यावरही बोला.

साताराकर: पटलं. आईला नकला सुरेख यायच्या. तालमीला आलेल्यांना चहा देता देता तिला सगळ्यांचे संवाद पाठ व्हायचे. तिला कुणी स्टेजवर बोलावलं नाही.

गोदाकाठ: पाटल्यांबद्दल कधी विचारलंत त्यांना?

साताराकर: विचारलं. म्हणाली, मागितल्या असत्या तर हसत दिल्या असत्या. वडिलांनी कपाटातून परस्पर नेल्या होत्या.

गोदाकाठ: मग तुमच्या वडिलांचं चुकलंच. पण ती चूक नाटकाची नाही. कर्मवीर नसते तर माझे आजोबा शिकले नसते, म्हणून ध्यासाला नावं ठेवू देणार नाही.

साताराकर: सरस्वतीबाईंपुरतं तुमचं मानतो. आजोबांचंही. पण "दिवस ढकलतो" हे वाक्य त्या पोस्टवाल्यानं मागे घ्यावं. ते घेईपर्यंत मी इथून हलत नाही.