अनुभव धागा : कुंडलिनी, शरीराला जे जाणवले ते आणि त्यामागची कारणे

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे वर्णन बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते. कुंकवात न्हालेले नागिणीचे पिल्लू वळण घेऊन निजावे, तशी साडेतीन वेढ्यांची, अधोमुख शक्ती. त्या चित्राच्या आधी माउलींनी जे सांगितले आहे, त्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. टाचेने शिवण (गुद आणि जननेंद्रिय यांमधली जागा) कशी दाबावी, मूळबंध, जालंधर आणि उड्डियान हे बंध, म्हणजे ओटीपोट, गळा आणि पोट आवळून धरण्याच्या क्रिया, कसे लागतात, कोंडलेला अपान, म्हणजे एरवी खाली जाणारा, वायू वरच्या दिशेने कसा उसळतो, अंगात उष्णता कशी वाढते, हे सारे तिथे शरीराच्या भाषेत आणि क्रमाने आले आहे. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ यांच्याकडून चालत आलेली ती विद्या आहे. त्यामुळे अनुभवाचा तपशील काटेकोरपणे लिहून ठेवणे हे परंपरेला धरूनच होईल, असे मला वाटते.

कारणे शोधण्याचा प्रयत्नही जुना आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ च्या सुमारास उड्डियान आणि नौलीचा (पोटाचे स्नायू घुसळण्याच्या क्रियेचा) क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला आणि या क्रियांमध्ये मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे दाखवले. मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नस, असे मत मांडले. हे मत मला पटत नाही, कारण व्हेगस मेंदूतून निघून मानेतून छातीत आणि पोटात उतरते आणि सुषुम्नेचे, म्हणजे कुंडलिनी जिच्यातून वर चढते त्या नाडीचे, सारे वर्णन पाठीच्या कण्यातले आहे. तरी संथ, दीर्घ उच्छ्वासाने याच नसेचे काम वाढून हृदयाची गती मंदावते, हे खरे आहे, आणि डॉक्टरांनी प्रश्न शरीरशास्त्राच्या कक्षेत आणला याचे मोल मोठे आहे.

आपण सर्वांनी लिहावे, अशी विनंती आहे. आसन कोणते होते, श्वास कसा चालला होता, झोप आणि आहार कसा होता, नेमके काय जाणवले, हे आधी लिहावे. जागृती झाली की नाही, याचा निर्णय नंतर करता येईल. जे नाव आपण अनुभवाला घाईने देतो, ते पुढे आठवणीलाही स्वतःच्या साच्यात बसवते.

निवृत्त शिक्षिका, सातारा

आमच्या मंडळात हरिपाठ चालू असताना टाळांचा ठेका वाढतो आणि सगळ्या जणी एकदम वरच्या पट्टीत जातात, त्या क्षणी माझ्या पाठीतून शहारा मानेपर्यंत चढतो आणि डोळ्यांत पाणी येते. घरी एकटीने म्हणताना असे क्वचितच होते. याला आम्ही अष्टसात्त्विक भाव म्हणत आलो. कुंडलिनीशी याचा संबंध आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

*धागाकर्ता :* ताई, संगीत ऐकताना अंगावर शहारा येतो त्या वेळी मेंदूच्या आनंदाशी निगडित भागात डोपामीन स्रवते, हे २०११ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले आहे. आपण सांगितलेला क्षण, म्हणजे लय आणि पट्टी एकदम चढण्याचा, शहाऱ्यासाठी अगदी अनुकूल असतो. रोमांच आणि अश्रू ही भक्तिमार्गात भावाची लक्षणे मानली आहेत. ती चक्रांच्या गणितात बसवण्याची गरज नाही.

संगणक अभियंता, हिंजवडी

चित्रफीत पाहून मी जलद भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोराने श्वास घेण्याचा प्राणायाम, सुरू केली. पहाटे, उपाशीपोटी, बराच वेळ. प्रथम ओठांभोवती मुंग्या आल्या, मग हाताची बोटे आपोआप आत वळून अंगठ्याला चिकटली आणि ती मला सोडवता येईनात. डोक्यात प्रकाश भरल्यासारखे झाले. बोटांची ती मुद्रा आपोआप लागली, म्हणून शक्ती जागी झाली याची मला खात्रीच वाटली. पुढच्या काही बैठकांतही तसेच घडले. आता मात्र दिवसा चालतानाही चक्कर येते.

भूलतज्ज्ञ, नागपूर

या प्रतिसादाला मुद्दाम सविस्तर उत्तर देतो, कारण अशी अवस्था मी रुग्णांमध्ये वारंवार पाहिली आहे. गरजेपेक्षा जास्त वेगाने आणि खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि रक्ताची अल्कता वाढते. त्यामुळे रक्तातल्या प्रथिनांना अधिक कॅल्शियम चिकटते, मोकळे कॅल्शियम कमी होते आणि नसा अकारण उद्दीपित होऊ लागतात. ओठांभोवतीच्या मुंग्या आणि बोटांचे आकडल्यासारखे वळणे ही त्याचीच लक्षणे आहेत. त्याच वेळी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोके हलके होते आणि डोळ्यांपुढे चमकते. भीतीने श्वास फुललेल्या माणसाचीही बोटे अशीच वळतात, आणि त्याने योगाचे नावही काढलेले नसते. आपण हा अभ्यास थांबवावा, चक्कर राहिली तर तपासून घ्यावे, आणि पुढे करायचाच असेल तर जाणकार शिक्षकासमोर बसून करावा.

शक्तिपात दीक्षा घेतलेले साधक, पुणे

मी येथे लिहावे की नाही, याचा बराच विचार केला, कारण आमच्याकडे अनुभव चारचौघांत सांगू नये असा संकेत आहे. वामनराव गुळवणी महाराजांमुळे पुण्यात शक्तिपाताची, म्हणजे गुरूने शिष्यातली शक्ती जागी करण्याची, जी परंपरा रुजली, तिच्याशी आमच्या घराचे जुने नाते आहे. दीक्षेनंतर बैठकीत माझी मान गोल फिरू लागली, धड मागेपुढे डोलू लागले, कधी रडू फुटले, कधी कंठातून मला अपरिचित आवाज निघाले. यांना आम्ही क्रिया म्हणतो. त्या मी करत नव्हतो, पण मनात आणले तर थांबवू शकत होतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गुरुजींचे सांगणे एवढेच होते की क्रियांना बोलावू नका, अडवू नका आणि त्यांचे कौतुक करू नका. काही काळाने त्या ओसरल्या आणि नुसती शांतता उरली.

हे सारे मनावर बिंबलेल्या सूचनेचे परिणाम आहेत, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे की काही क्रिया मी आधी पाहिल्या किंवा ऐकल्या नव्हत्या.

*धागाकर्ता :* दादा, आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आपण सांगितलेली ‘करत नाही, पण थांबवू शकतो’ ही अवस्था शास्त्रालाही महत्त्वाची वाटावी अशी आहे. हालचाल मेंदूच्या नेहमीच्याच यंत्रणेतून घडते, पण ‘ही मी केली’ ही जाणीव तिच्याबरोबर येत नाही, असे संमोहनाच्या अभ्यासातही आढळते. अपेक्षा आणि भोवतालचे वातावरण यांचा त्यात मोठा वाटा असतो. विशिष्ट क्रियेचे रूप कुठून येते, याला मात्र एवढ्याने पुरे उत्तर मिळत नाही, हे मी मान्य करतो.

उष्णतेबद्दलही एक गोष्ट येथेच नोंदवतो. तिबेटी तुम्मो साधनेत काही भिक्षूंच्या हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढल्याची नोंद हर्बर्ट बेन्सन यांनी १९८२ मध्ये केली. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासात शरीराच्या आतले तापमानही ३८.३ अंशांपर्यंत गेलेले आढळले. त्यात श्वास धरून पोट व ओटीपोटाचे स्नायू आवळणे आणि ज्वाळेची कल्पना करणे या दोन्हींचा भाग होता. सहाव्या अध्यायातले बंध आणि त्यानंतरचा दाह वाचताना हे माप माझ्या मनात येते.

बहीण, कोल्हापूर

माझ्या भावाने ध्यानशिबिरानंतर झोपणे जवळजवळ सोडले. तो थकत नसे, अखंड बोलत असे, आपल्याला जगासाठी आदेश मिळाला आहे असे सांगत असे, आणि त्याने बरेच पैसे वाटून टाकले. जवळच्या मंडळींनी त्याला नमस्कार करायला सुरुवात केली. काश्मिरी साधक आणि लेखक गोपी कृष्ण यांना जम्मूत १९३७ मध्ये आलेल्या कुंडलिनीच्या अनुभवानंतरचा दाह, निद्रानाश आणि तळमळ यांविषयी कोणीतरी सांगितले आणि हेही तसेच आहे, आपोआप शमेल, असा धीर दिला. त्या धीरात आमचे मोलाचे आठवडे गेले. मनोविकारतज्ज्ञांनी उन्मादाचे निदान केले आणि औषधांनी तो सावरला. डॉक्टरांनी त्याच्या श्रद्धेला नावे ठेवली नाहीत. जप चालू ठेवा, जागरण आणि लांब बैठका टाळा, असे सांगितले. झोपेशिवाय माणूस अनेक रात्री ताजातवाना दिसत असेल, तर कृपया वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेतकरी, वारकरी, परभणी जिल्हा

मला यातले काहीही झालेले नाही. माळ घातल्यापासून रोज नेम आहे. राग कमी झाला, झोप चांगली लागते. हरिपाठात ‘योग याग विधी येणे नोहे सिद्धी’ असे म्हटले आहे, त्यामुळे कधी उणे वाटले नाही.

गृहिणी आणि अनुवादक, मडगाव

माझा अनुभव पाठीतून येत नसे, पोटातून येत असे. बेंबीजवळून काहीतरी उसळून छातीतून गळ्यापर्यंत चढे, जळल्यासारखा वास येई, आणि हे सारे पूर्वी घडले आहे अशी गाढ ओळख पटे. त्यात भयही असे आणि अतीव आनंदही. मणिपूर, अनाहत, विशुद्ध हा बेंबी, हृदय आणि कंठ येथल्या चक्रांचा क्रम मला तंतोतंत जुळलेला वाटला. एकदा त्या अवस्थेत मी हाकेला उत्तर दिले नाही आणि ओठ चावत राहिले, हे यजमानांनी पाहिले, म्हणून तपासणी झाली. शंखखंडातून, म्हणजे कानशिलाच्या आतल्या मेंदूच्या भागातून, उठणारी अपस्मार ही फिट येण्याची व्याधी निघाली. पोटातून चढणारी लाट, वास आणि पूर्वपरिचयाची भावना ही तिची ओळखीची पूर्वलक्षणे आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले.

गोळ्या सुरू झाल्यावर ते थांबले. सुटका झाली, आणि काही दिवस मी शोकही केला, कारण त्या क्षणांतला आनंद खोटा नव्हता. मेंदूचा आलेख काढताना तंत्रज्ञांनी मला तीन मिनिटे जोराने, खोल श्वास घ्यायला लावला. दडलेली विकृती त्याने कधी कधी आलेखावर उमटते, असे समजले. मी पहाटे करत असे तो प्राणायाम जवळपास असाच होता. डॉक्टरांनी मला जलद श्वसन आणि कुंभक (श्वास रोखून धरणे) बंद करायला सांगितले आहे. बसणे आणि संथ श्वासावर लक्ष ठेवणे चालू आहे, गोळीची वेळ मात्र चुकवत नाही.