अनुभव धागा: वर्गात विकिपीडिया शिकवलात, शिकलात? लिहा

रावपुऱ्याच्या बाई:
काल नातवाला सयाजीराव महाराजांवर प्रकल्प लिहायचा होता. विकिपीडिया उघडला आणि बोट सवयीनं 'इतिहास पहा'वर, म्हणजे लेखातल्या जुन्या बदलांच्या यादीवर गेलं. उतरत उतरत २०१२ पर्यंत पोचले, तर आमच्या नववी 'ब'चा बदल अजून तिथे! बदलाच्या सारांशात एवढंच: 'दोन्ही सालं बरोबर'. डोळे भरून आले.

झालं असं होतं. एका मुलीनं लेखात लिहिलं, बडोदा संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण १८९३ मध्ये सुरू झालं. मागच्या बाकावरच्या मुलानं ते खोडून १९०६ केलं. तिनं परत १८९३. तास संपेपर्यंत हेच. मी रागावले नाही, फक्त विचारलं, "कशावरून?" दोघंही गप्प. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांना मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नेलं. तिथे उलगडलं: १८९३ला अमरेली भागात प्रयोग, १९०६ला सगळ्या राज्यात. दोघांनी मिळून वाक्य आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर लिहिलं, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक जोडला, मग मूळ लेखात नेलं. माझ्या आजीनं अक्षरं खऱ्या धूळपाटीवर गिरवली होती, पाटावर धूळ पसरून. पुसायची भीती नाही म्हणून मुलं लिहितात, तेव्हाही आणि आताही.
तुमचं सांगा. विद्यार्थी म्हणून आलेला अनुभवही चालेल.

फत्तेगंजकर:
बाई, सहा खाती!! विकिपीडियावर एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात हे मला वर्गात उभं राहिल्यावर कळलं. ३८ मुलं, सातव्यापासून सगळ्यांना नकार. तेव्हापासून आदल्या आठवड्यातच घरून खातं उघडून या म्हणून सांगतो.

दांडिया बाजार ७:
मी शिकलेली, शिकवलेली नाही. नेटवरून उचललेला राजवाड्याचा फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त फोटोसाठ्यात चढवला आणि तो उडवला गेला. खूप रडले. सर म्हणाले, फोटो ज्यानं काढला त्याचा असतो, तू तुझा काढ. रविवारी बाबांचा फोन घेऊन न्यायमंदिरासमोर उभी राहिले, सूरसागर तलावाच्या बाजूनं. तो फोटो अजून आहे. आज मी स्वतः मुलांना शिकवते, पहिला धडा हाच.

कारेलीबागची आई:
आपला लक्ष्मी विलास राजवाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे म्हणतात ना? मुलाच्या बाईंनी सांगितलं, मोजमाप कुठे दिलंय ते शोधून आण. दहा ठिकाणी तेच वाक्य, मोजमाप एकाही ठिकाणी नाही. त्यानं वहीत लिहिलं 'असं म्हटलं जातं, आकडा सापडला नाही'. पूर्ण गुण मिळाले. घरी आता कोणी काही सांगितलं की हा विचारतो कशावरून. आजोबांनासुद्धा!

फत्तेगंजकर:
@कारेलीबागची आई, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

अकोटा_बी:
आमच्याकडे वरिष्ठांनी बंदीच घातली होती, कोणीही लिहू शकतं म्हणून. मला ते फार लागलं. अहो, कोणीही लिहू शकतं म्हणूनच तर प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि लेखाच्या चर्चा पानावर भांडता येतं. छापलेल्या गाइडमधली चूक कोणाला सांगायची? दोन वर्षं परवानगी मागत होते. शेवटी मुलांना मराठी विश्वकोश आणि विकिपीडिया समोरासमोर ठेवून फरक काढायला दिले, ते चाललं.

विश्वामित्रीकाठ:
विषय थोडा वेगळा आहे पण लिहितो. २०२४च्या ऑगस्टात पुराचं पाणी घरात. मदतीचा टेम्पो मुख्य रस्त्यावर उभा आणि आमची गल्ली नकाशात नाही. नंतर दहावीच्या मुलांबरोबर ओपनस्ट्रीटमॅपवर बसलो, हा नकाशा विकिपीडियासारखाच लोक मिळून बनवतात. नियम एकच, दुसऱ्या नकाशातून उतरवायचं नाही, चालत जायचं. मुलं वही घेऊन फिरली, गल्ल्यांची नावं म्हाताऱ्यांना विचारून घेतली. एका गल्लीला तीन नावं निघाली. तिन्ही टाकली.

दांडिया बाजार ७:
@विश्वामित्रीकाठ, पाणी किती आलं होतं? माझ्या मामीकडे ओट्यापर्यंत

विश्वामित्रीकाठ:
कमरेपर्यंत. पुस्तकं गेली सगळी. माणसं सुखरूप.

रावपुऱ्याच्या बाई:
@विश्वामित्रीकाठ, पुस्तकांचं वाचून जीव हळहळला. पाठ्यपुस्तकं असतील तर माझ्याकडे दोन खोकी आहेत, घेऊन जा.

जुना बडोदेकर:
महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणला, पेट्यांत पुस्तकं भरून गावोगावी पाठवली. ज्ञान लोकांच्या दारात नेणं हे या गावाला नवं नाही. शिक्षकांनो, मुलांना त्या ग्रंथालयात न्याच.

मांजलपूर:
रविवारी उघडं असतं का ते? आणि येताना सेव उसळ कुठे चांगली मिळेल, मुलाला कबूल केलंय

अकोटा_बी:
@मांजलपूर, जाण्याआधी फोन करून विचारा. सेव उसळीचं इथे नको, भांडणं होतील 😄

फत्तेगंजकर:
कोणाच्या वर्गात चॅटबॉटचा अनुभव? माझ्या एका मुलानं संदर्भ म्हणून पुस्तक दिलं, नाव छान, लेखक छान. ग्रंथपालांनी शोध शोध शोधलं. असं पुस्तकच नाही.

कारेलीबागची आई:
😳 कशावरून!!

मांजलपूर:
बाई, मुलीचं खातं उघडायचंय, १३ वर्षांची आहे. काय सांभाळू?

रावपुऱ्याच्या बाई:
@मांजलपूर, सदस्यनावात तिचं खरं नाव, शाळा, जन्मसाल काही घालू नका. बदल इतिहासात सगळ्या जगाला दिसतात. पहिला आठवडा फक्त धूळपाटी. शुद्धलेखनाची एखादी चूक दुरुस्त करू दे, मग पुढचं.

मांजलपूर:
बरं. कुकरच्या शिट्ट्या होतायत, रात्री तिच्यासोबत बसते.