‘अमुक देशावर शुल्क लादले’: नेमके कोणावर?

प्रश्न

‘चीनवर 25 टक्के शुल्क’, ‘युरोपवर टॅरिफ’ असे मथळे सारखे वाचनात येतात. वाचणाऱ्याला वाटते, त्या देशाला दंड झाला आणि तिथले सरकार आता पैसे मोजणार. प्रत्यक्षात आयातशुल्क भरतो तो माल मागवणारा आयातदार, तेही स्वतःच्याच देशाच्या तिजोरीत. ते भरल्याशिवाय किंवा भरण्याची हमी दिल्याशिवाय माल बंदरातून सुटत नाही. मग ‘देशावर’ ही रचना चूक म्हणायची का? शिवाय टॅरिफ, आयातशुल्क, सीमाशुल्क, जकात हे एकाच गोष्टीचे चार शब्द आहेत की गोष्टीच वेगळ्या?

प्रतिसाद 1

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. टॅरिफ आणि आपला ‘तारीफ’ हे दोन्ही एकाच अरबी शब्दातून आले आहेत. मूळ अर्थ ओळख करून देणे, जाहीर करणे. युरोपात तो इटालियनमार्गे गेला आणि जाहीर केलेल्या दरांची यादी असा अर्थ रुळला. आपल्याकडे ओळख करून देता देता त्याची स्तुती झाली. विजेचे टॅरिफ, हॉटेलचे टॅरिफ म्हणतो तेव्हा तो यादीचाच अर्थ चालू असतो. सीमाशुल्क खात्यातही ही यादी असतेच. जागतिक सीमाशुल्क संघटनेची वर्गवारी 1988 पासून अमलात आहे. तिच्यात प्रत्येक प्रकारच्या वस्तूला सहा आकडी क्रमांक असतो, त्यापुढे प्रत्येक देश आपले आकडे जोडतो आणि आपले दर लिहितो. एकच वस्तू कोणत्या क्रमांकाखाली बसवायची यावरून आयातदार आणि खाते यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालतात.

सीमाशुल्क हा व्यापक शब्द. त्यात निर्यातशुल्कही आले. अर्जेंटिना सोयाबीनच्या निर्यातीवर शुल्क घेत आला आहे, ते सीमाशुल्कच, पण आयातशुल्क नव्हे. ‘संरक्षक जकात’ असे पूर्वी म्हणत, पण आता जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी तो शब्द नको.

‘शुल्क’ जुनाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. पण आज प्रवेशशुल्क, परीक्षाशुल्क यांमुळे ‘काही सेवा मिळते म्हणून दिलेले पैसे’ अशी त्याची छटा झाली आहे. आयातदाराला अशी कोणतीही सेवा मिळत नाही. हा सरळ कर आहे, म्हणून सामान्य वाचकासाठी मी ‘आयातकर’ लिहीन. कायद्याचा संदर्भ असेल तिथे सीमाशुल्क.

प्रतिसाद 2

‘देशावर’ला माझा ठाम विरोध आहे. कर लागतो मालावर, म्हणून ‘अमुक देशातून येणाऱ्या पोलादावर’ असे लिहायला हवे. दोन शब्द वाढतात, वाढू द्यावेत. कारण या एका ‘वर’मुळे वाचक मुख्य प्रश्न विचारतच नाही: भुर्दंड शेवटी कोणाला?

अमेरिकेने 2018 च्या सुरुवातीला आयात धुलाई यंत्रांवर जादा कर लावला. तिथल्या अर्थतज्ज्ञांनी नंतर किमती तपासल्या. यंत्रे सुमारे 12 टक्क्यांनी महागली होती. देशात बनलेल्या यंत्रांच्या किमतीही चढल्या, कारण बाहेरची स्पर्धा महाग झाल्यावर देशी उत्पादकाला भाव आवरायचे कारण उरत नाही. आणि कपडे वाळवायची यंत्रेही जवळपास तेवढीच महागली, ज्यांच्यावर हा कर नव्हताच! ती जोडीने विकली जातात. दुकानदारांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. आता या घटनेला ‘परदेशी कंपन्यांवर शुल्क’ म्हणायचे का?

प्रतिसाद 3

वरचा मुद्दा बहुतांशी पटतो, तरी ‘देशावर’ निव्वळ चूक म्हणता येणार नाही. कर कोण भरतो आणि भार कोणावर पडतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर कायद्यात असते, दुसऱ्याचे बाजारात. ग्राहक सहज दुसरीकडे वळू शकत असेल तर निर्यातदार गिऱ्हाईक टिकवण्यासाठी भाव उतरवतो आणि भाराचा काही हिस्सा त्याच्याकडे जातो. त्याच्या देशाचे चलन घसरले तरी तेच होते. भाव उतरवला नाही तर मागणी घटते आणि कामगार घरी बसतात. त्या देशाला झळ लागते हे खरे, फक्त ती तिजोरीतून वसूल होत नाही.

शिवाय समोरचा गप्प बसत नाही. जुलै 2018 मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के कर लावला आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. अमेरिकी शेतकऱ्यांना सरकारने अब्जावधी डॉलरची मदत दिली. ज्यांच्या संरक्षणासाठी मूळ कर लागलाच नव्हता, त्यांनी त्याची किंमत मोजली. मथळ्यातल्या ‘चीनवर’ या शब्दात अमेरिकेच्या आयोवा राज्यातला शेतकरी कुठेच दिसत नाही.

प्रश्नकर्ता

म्हणजे ‘मालावर’ लिहायचे आणि झळ कोणाला लागली ते वेगळे सांगायचे, हे पटले. अशा उलट करासाठी ‘प्रतिशुल्क’ चालेल?

प्रतिसाद 1

टाळलेले बरे. परदेशी सरकारने अनुदान देऊन माल स्वस्त केला असेल तर ते अनुदान निष्फळ करणारा वेगळा कर असतो, त्यासाठीही ‘प्रतिशुल्क’ वापरलेले दिसते. त्याला चौकशी लागते, देशी उद्योगाचे नुकसान सिद्ध करावे लागते. डम्पिंगविरोधी शुल्काचेही तसेच. ते मायदेशातल्या भावापेक्षा स्वस्त विकल्याबद्दल. राग म्हणून लावलेल्या कराला ‘प्रत्युत्तरादाखल कर’ म्हणावे, घोटाळा होत नाही.

प्रतिसाद 4

माझी तक्रार ‘सर्वाधिक पसंतीचा देश’ या शब्दाबद्दल आहे. ऐकून वाटते, खास मर्जीतला. अर्थ जवळजवळ उलटा: इतरांना जी सवलत, तीच तुम्हाला. 1947 च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे पहिलेच कलम हे, आणि 1995 पासून जागतिक व्यापार संघटनेचाही तोच पाया. अमेरिकेने तर याच गैरसमजापायी 1998 मध्ये आपल्या कायद्यातला शब्द बदलून ‘सामान्य व्यापारी संबंध’ असा केला. आपण ‘समान वागणूक’ का म्हणू नये? खरी मर्जी मुक्त व्यापार करारातल्या भागीदारांना मिळते, आणि ती या नियमाला दिलेली अधिकृत सूट आहे.

प्रतिसाद 2

आणि ‘व्यापारतूट’! मराठीत तूट म्हणजे हिशेबात कमी पडलेले पैसे, म्हणजे तोटा. मग ‘अमुक देश आपल्याला लुटतो’ हे वाक्य आपोआप खरे वाटू लागते. व्यापारतूट एवढेच सांगते की आयात निर्यातीहून जास्त आहे. बाहेर गेलेल्या पैशाच्या बदल्यात माल आलेला असतो. अमेरिकेचा वस्तू आणि सेवांचा व्यापार 1976 पासून दरवर्षी तुटीत आहे, पण या काळात ती गरीब झालेली नाही. देशाची गुंतवणूक बचतीपेक्षा जास्त असली की फरक बाहेरच्या पैशाने भरून निघतो आणि तो चालू खात्यावर, म्हणजे परदेशांशी झालेल्या व्यापार-उत्पन्नाच्या हिशेबात, तूट म्हणून दिसतो. एका देशाच्या मालावर कर लावला तर आयात दुसऱ्या देशाकडे सरकते, एकूण तूट बहुधा तशीच राहते. मी ‘आयात-आधिक्य’ लिहून पाहिले आहे. जड वाटते, पण वाचक थबकून विचार करतो.

प्रतिसाद 3

शब्द जड तर आहेच, आणि तूट नेहमीच निरुपद्रवीही नसते. बाहेरचे कर्ज परकीय चलनात असेल आणि आलेला पैसा कारखान्यांऐवजी जमीन-इमारतींच्या सट्ट्यात गेला, तर तीच तूट संकट बनते. 1997 मध्ये थायलंडने ते भोगले. त्यामुळे शब्द ‘तूट’च राहू द्या, पण तिच्यासोबत पैसा कशात गेला हे लिहिलेच पाहिजे.