मूत्राशय काढायचं ठरलंय: पोटावरची पिशवी की आतड्याचं नवं मूत्राशय?

विक्रोळीची लेक:
आई ६३ वर्षांची. लघवीतून रक्त जायचं, पण दुखत काहीच नव्हतं. जवळच्या दवाखान्यात इन्फेक्शनच्याच गोळ्या चालू राहिल्या. शेवटी दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ खरवडून काढली, तर कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत गेलेला. आता परळला टाटामध्ये आधी केमो, जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन, मग मूत्राशय काढायचं. सोबत गर्भाशयही काढतील, त्याचं आईला काही नाही. तिचा एकच धोशा आहे, "पोटाला पिशवी लावून देवळात कशी जाऊ?" डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितलेत. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी कृपया लिहा. मला रात्र रात्र झोप नाही.

लालबागची मावशी:
बाळा, मी पिशवीवाली. लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन त्यातून लघवी पोटावर बाहेर काढतात. ते तोंड लालबुंद, ओलसर असतं, पहिल्यांदा बघून मी रडले होते. पण हात लावला तरी दुखत नाही. पिशवीला खाली तोटी असते, अर्धी भरायच्या आत रिकामी करायची. रात्री नळीने मोठी पिशवी जोडायची, म्हणजे उठावं लागत नाही. पिशवी बदलायची ती सकाळी, चहा-पाणी घ्यायच्या आधी, तेव्हा लघवी कमी झिरपते.

एक गोष्ट मात्र विसरू नकोस. ऑपरेशनआधी स्टोमा सिस्टर (पोटावरच्या या तोंडाची काळजी शिकवणाऱ्या नर्स) पोटावर पेनाने जागेची खूण करतात. त्या दिवशी आईला तिची रोजची साडी नेसवूनच ने. परकराची नाडी बसते तिथेच तोंड आलं तर पिशवी सारखी सुटते. उभं राहून, बसून, वाकून, पोटाला घडी कुठे पडते ते बघायला लाव. आणि देवळाचं म्हणशील तर मी सिद्धिविनायकाला जाते, कुणाला कळतसुद्धा नाही.

ठाणेकर:
ताई, मी आतड्याचं नवं मूत्राशय करून घेतलं. बाहेर काही दिसत नाही हे खरं, पण पूर्वीसारखी लघवीची जाणीव होत नाही. घड्याळ बघून जायचं, रात्री गजर लावून उठायचं, नाहीतर अंथरूण ओलं होतं. काही बायकांना लघवी पूर्ण होतच नाही, मग स्वतः नळी घालावी लागते. आईच्या हाताला आणि नजरेला ते झेपेल का, हे आधी बघा. कॅन्सर मूत्रमार्गात उतरला असेल तर हा पर्याय उरतच नाही. काही पेशंटना मूत्राशय ठेवून केमोबरोबर रेडिएशन देतात, आईला ते चालेल का तेही विचारा. सिस्प्लॅटिन किडनीला जड जातं, क्रिएटिनिनवर (किडनीच्या रक्ततपासणीवर) लक्ष ठेवा. आणि लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, गर्दीत उभं करू नका.

विक्रोळीची लेक:
आईला सगळं वाचून दाखवलं. मावशी, ती विचारतेय, पिशवी लावून पोथीला मांडी घालून बसता येतं का?

लालबागची मावशी:
येतं गं. जखम पूर्ण भरू दे, बसायच्या आधी पिशवी रिकामी कर म्हणावं, आणि नाडी तोंडावर किंवा पिशवीवर दाबणार नाही अशी बांध. तिला माझ्याशी बोलायचं असेल तर मेसेज कर.