आईच्या तळपायांची आग, कोणाला काही कल्पना?

मंडळी नमस्कार,
आई सांगलीला असते, विश्रामबागेत. तिच्या तळपायांची नुसती आग आग होते, रात्री चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. मिरजेत एनसीव्ही (नसांना विजेचा हलका झटका देऊन वेग मोजतात ती तपासणी) केली ती नॉर्मल, शुगर नॉर्मल, बी-ट्वेल्व्ह पण ठीक. डॉक्टर म्हणाले टेन्शन असेल. आता शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने तिने गहू सोडलाय, शाळूची भाकरीच खाते. मंडळात न्यूरोचं कोणी आहे का?

----

ताई, मी डॉक्टर नाही पण आमच्या साताऱ्याच्या जाऊबाईंचं डिट्टो हेच झालं म्हणून लिहितेय. एनसीव्हीत जाड नसाच तपासल्या जातात, आग, टोचणं, गरम-गार कळवणाऱ्या बारीक नसा त्यात येतच नाहीत, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मनाचे खेळ असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. घोट्याच्या वरून ३ मिलिमीटर कातडी काढून बायोप्सी करतात, त्यात या नसा मोजतात. शुगरही नुसती उपाशीपोटी नको, ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघा.

मग ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते आजार. आईंना विचारा, डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं का, कोरडी भाकरी पाण्याशिवाय गिळते का. हो म्हणाल्या तर शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा असाच एक आजार) डोक्यात ठेवा. त्यात आग पायापासूनच चढेल असं नाही, चेहरा, हात कुठेही होते. रक्तातली एसएसए अँटीबॉडी (शोग्रेनची खूण) निगेटिव्ह आली तरी तो असू शकतो, मग ओठाच्या आतली बायोप्सी करतात. सार्कॉइड, ल्युपस हे आजारही बघतात. आणि सिलिअ‍ॅक! तो गव्हातल्या ग्लुटेनने होतो, म्हणून गहू सोडून टेस्ट केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारून आधी पोळी परत चालू करा, काकूंना काय वाटायचं ते वाटो.

----

वहिनी म्हणतात ते बरोबर, फक्त एक. आयव्हीआयजीच्या (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज शिरेतून देतात) मागे कोणी लावलं तर आधी कारण सापडलंय का विचारा, लाखांत जातं ते. कारण न सापडलेल्या पेशंटवर नेदरलँड्समध्ये ट्रायल झाली, २०२१ ला छापून आली, प्लासिबोपेक्षा (खोट्या औषधापेक्षा) दुखणं काही जास्त कमी झालं नाही.

----

आत्ताच फोन केला, उशाशी पाण्याचा तांब्या असतोच म्हणाली आणि डोळे चुरचुरतात ते "मोतीबिंदूचं असेल" म्हणून बोललीच नाही कधी!! सांगली-मिरजेत चांगले रुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांचे आणि ऑटोइम्यून आजारांचे डॉक्टर) कोणाला माहीत असतील तर प्लीज मला वेगळा मेल करा.