अक्कलदाढ काढल्यानंतर सासूबाईंच्या तोंडाची निगा कशी राखावी?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या सासूबाईंची खालची अक्कलदाढ हाडात आडवी अडकली होती. ती सोमवारी बेळगावला शस्त्रक्रिया करून काढली आणि टाके घातले. आज शुक्रवार आहे. सूचनांचा कागद कन्नडमध्ये छापलेला होता आणि घरात कोणालाच कन्नड नीट वाचता येत नसल्याने तो शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घेतला. पहिले २४ तास चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने काही पिऊ नये आणि त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी, असे त्यात आहे. तेवढे आम्ही पाळले. बुधवारपर्यंत वाढलेली सूज आता उतरत असली, तरी तोंड जेमतेम दोन बोटे उघडते आणि ब्रश मागपर्यंत जात नाही.

खरी अडचण मशेरीची आहे. चाळीसेक वर्षांची सवय असल्याने काल सकाळी त्या परसात मशेरी लावताना दिसल्या आणि मी काही म्हणण्याआधीच, "मीठ चालतं, मग मशेरीनं काय बिघडतंय?" असे त्यांनी मलाच विचारले. सुनेने सासूची डबी लपवावी, असे आमचे घर नाही. आज पहाटेपासून त्यांना कानापर्यंत ठणका लागतो आहे आणि तोंडाला दुर्गंधी येते आहे. हे जखम भरतानाचे नेहमीचे दुखणे समजावे का? शिवाय ब्रश कसा करावा आणि खायला काय द्यावे? सध्या आंबील, मऊ भात आणि पातळ वरण देते, परंतु त्या भाकरीचा हट्ट धरतात.

प्रतिसाद : ताई, आधी ठणक्याविषयी. सूज उतरत असताना दुखणे वाढले, ते कानाकडे गेले आणि दुर्गंधीही आली, तर दाढेच्या खळग्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडले असण्याची शक्यता असते. तंबाखूने, जोरात थुंकल्याने किंवा खळखळून चूळ भरल्याने असे घडू शकते, आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. घरी लवंगेचे तेल भरत बसू नका. दंतवैद्य खळगा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि त्याने बराच आराम पडतो. ब्रश लहान मुलांचा मऊ घ्या, बाकीचे दात रोज घासा, जखमेला मात्र लावू नका. मिठाचे पाणी तोंडात घेऊन मान इकडेतिकडे कलवावी आणि ते आपोआप ओघळू द्यावे. भाकरी आमटीत पूर्ण कुस्करून दिली तर चालेल. चुरमुरे मात्र नकोत, त्यांचे कण खळग्यात अडकतात.

धागाकर्ती : आभारी आहे. दुपारच्या बसने त्यांना घेऊन निघते. मशेरीचा प्रश्न त्यांच्या देखतच डॉक्टरांना विचारीन, कारण माझ्या तोंडून तो त्यांना पटायचा नाही.